कन्सेशन म्हणजे दर वेळी सवलत नव्हे

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नदीवरच्या फेरीबोट सेवेच्या एका इंग्रजी कराराचं मराठी तुम्ही करताय आणि त्यात 'कन्सेशन' हा शब्द तीन ठिकाणी आलाय. एकदा शीर्षकात, जिथे प्राधिकरण एका कंपनीला ही सेवा चालवायला देतं. मग दरांच्या परिशिष्टात, जिथे विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना कमी भाडं लावायचं आहे. आणि शेवटी त्या ठरावीक कलमात, की एका पक्षाने दुसऱ्याला कधी कन्सेशन दिलं म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. कोशात तुम्हाला 'सवलत' सापडलं. दुसऱ्या ठिकाणी ते नीट बसलं, पहिल्या ठिकाणी खटकलं आणि तिसऱ्या ठिकाणी वाक्याचा अर्थच लागेना. शिवाय सूट, सवलत, माफी, मुभा यांत नेमका फरक काय आणि सेवा चालवणाऱ्याला 'सवलतदार' म्हणायचं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी करार, नियमावल्या आणि जाहीर सूचनांची भाषांतरं करते. हा शब्द त्यात वरचेवर आडवा येतो. शब्द सापडत नाही ही तुमची अडचण नाहीच. मराठीत या जागी लागणारे शब्द इंग्रजीपेक्षा जास्त आहेत. गुंता वेगळा आहे. इंग्रजी शब्द देणाऱ्याच्या बाजूने बघतो आणि आपली 'सवलत' घेणाऱ्याच्या बाजूने. कन्सेशनच्या मुळाशी लॅटिन 'कॉन्सेडेरे' आहे, म्हणजे मागे सरणं, बाजूला होणं, वाट देणं. सवलत अरबी-फारसीतून आली, आणि तिच्या मुळाशी 'सोपं होणं' आहे. मागे कोण सरलं हे कन्सेशन सांगतं. कुणाचं ओझं हलकं झालं हे सवलत सांगते. भाडं कमी झालं की दोन्ही गोष्टी एकदमच होतात, म्हणून तिथे शब्द जुळतात. कंपनीला नदीचा घाट वीस-पंचवीस वर्षांसाठी मिळतो तेव्हा प्राधिकरण मागे सरलेलं असतं हे खरं, पण कंपनीचं कुठलंच ओझं हलकं झालेलं नसतं. उलट वाढलेलं असतं.

म्हणून मी कोश उघडण्याआधी एकच प्रश्न विचारते: देणाऱ्याने नेमकं काय सोडलं? आपलं येणं सोडलं, आपला नियम सैल केला, आपली भूमिका सोडली, की आपल्या मालकीतला एखादा हक्क दुसऱ्याच्या हाती दिला? या चारांपैकी कोणतं, ते कळलं की शब्द बहुतेक वेळा आपोआप सुचतो.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण काही गोष्टी आपल्या हातात नसतात. ज्या कायद्याखाली करार होतोय त्या कायद्याच्या मराठी पाठात शब्द ठरलेला असेल, तर तो कितीही बेंगरूळ असला तरी तोच घ्यायचा. भाषांतर न्यायालयात जाणार असेल तर एका इंग्रजी संज्ञेला सगळीकडे एकच मराठी संज्ञा ठेवा असा आग्रह वकील धरतात, आणि त्यामागे कारण असतं. तेच घाटावरच्या फलकासाठी असेल, तर प्रवाशाला पहिल्या नजरेत कळणं महत्त्वाचं. पुढे लिहितेय ते तुम्हाला निवड करायला वाव आहे असं धरून.

पहिला गट येण्याचा. इथे आधी काहीतरी देय असतं: भाडं, शुल्क, कर, कर्ज. सवलत म्हणजे त्या देण्याची अट सौम्य होते आणि ती बहुधा ठरावीक लोकांसाठी असते. विद्यार्थी, वृद्ध, अपंग, अमुक तारखेआधी पैसे भरणारे, असा एक वर्ग आधी ठरतो आणि मग सवलत येते. सूट या शब्दाला असा वर्ग लागत नाही. दुकानदार सगळ्यांनाच सूट देतो. पण सूट फसवी आहे, कारण ती अर्धी असू शकते आणि पूर्णही. हा फरक मराठीत विभक्ती दाखवते आणि भाषांतरांत नेमकी तीच चुकते. 'शुल्कात सूट' म्हणजे शुल्क कमी झालं, काही भाग भरायचाच आहे. 'शुल्कातून सूट' म्हणजे शुल्क लागूच नाही. फरक फक्त 'त' आणि 'तून'चा, पण त्यावर भांडणं होऊ शकतात. सवलतीला ही 'तून'ची जागा मानवत नाही; 'शुल्कातून सवलत' असं कुणी म्हणत नाही, कारण सवलतीत माणूस देण्याच्या आतच राहतो, फक्त जरा ऐसपैस.

माफी म्हणजे देणं संपलं. ते आधी अंगावर आलेलं होतं आणि आता उरलेलं नाही. सूट आधीच मिळू शकते, म्हणजे देणं अंगावर येण्यापूर्वी. माफी शक्यतो नंतरची. माफीला दुसरं एक अस्तर आहे, क्षमेचं. म्हणून 'दंड माफ' सहज म्हणतो, पण वस्तूच्या किमतीत दहा टक्के 'माफी' म्हणत नाही. तिथे ग्राहकाने काही अपराध केलेला नसतो.

माफीच्या शेजारचे दोन शब्द फार उपयोगी आहेत आणि ते मागे पडत चाललेत. एक तहकुबी. शेतसाऱ्याच्या व्यवहारात 'सूट' आणि 'तहकुबी' हे वेगळे धरले जातात: सूट मिळाली तर तेवढा सारा गेला, तहकुबी मिळाली तर तो फक्त पुढे ढकलला, देणं जिथल्या तिथे. इंग्रजी मसुद्यात 'पेमेंट कन्सेशन' असं मोघम लिहिलेलं असतं तेव्हा मी पहिल्यांदा हेच तपासते, की गेलं की ढकललं. दुसरा शब्द निर्लेखन. बँक बुडीत कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, ते निर्लेखन. कर्जदाराचं देणं त्याने संपत नाही, वसुली चालू राहू शकते. बातमीत त्याला 'कर्जमाफी' म्हटलं की कर्जदार खूश आणि ठेवीदार संतापलेला, आणि दोघांचाही गैरसमज झालेला.

कराच्या बाबतीत 'करसवलत' हा मोठा तंबू आहे, त्याखाली काहीही मावतं. मथळ्यात चालेल, कलमात नाही. करमुक्त उत्पन्न हे हिशेबात धरलंच जात नाही. वजावट ही उत्पन्नातून होते. आणि प्रत्यक्ष करातून होणारी कपात ही तिसरीच गोष्ट. कराचा दर 20 टक्के असेल तर 100 रुपयांच्या वजावटीने 20 रुपये वाचतात. करातच 100 रुपयांची कपात मिळाली तर 100 वाचतात. दोन्हींना 'शंभराची सवलत' म्हटलं तर वाचणाऱ्याचा हिशेब पाचपट चुकतो.

सवलतीचं कर्ज हे आणखी एक. जागतिक बँकेच्या गटातली आंतरराष्ट्रीय विकास संस्था 1960 साली स्थापन झाली ती गरीब देशांना अशीच कर्जं देण्यासाठी. त्यात मुद्दल कमी होत नाही. व्याज नाममात्र किंवा शून्य असतं, मुदत लांबलचक असते, आणि सुरुवातीची काही वर्षं मुद्दल फेडावं लागत नाही. इथे 'सवलतीचं कर्ज' बरोबर आहे, 'सुटीचं कर्ज' किंवा 'अनुदान' नाही. अनुदान परत करायचं नसतं.

नियमाचा गट लहान आहे. इथे पैसा नसतो, बंधन असतं. मुभा हा शब्द अरबी 'मुबाह'वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात जे कृत्य करायला सांगितलेलंही नाही आणि निषिद्धही नाही, ते मुबाह. मराठीतही तीच छटा राहिली: करायचं तर करा, नाही तर नका करू. मुभेला टक्केवारी लागत नाही, हीच तिची कसोटी. 'पन्नास टक्के सवलत' होते, 'पन्नास टक्के मुभा' होत नाही. शिथिल करणं म्हणजे नियम आहे तिथेच, पण त्याची कड सरकवली, जसं वयोमर्यादा तीन वर्षांनी पुढे नेली. अपवाद म्हणजे तो नियम त्या माणसाला लागूच नाही. 'उत्तरपत्रिका टंकलिखित देण्याची मुभा', 'वयाची अट शिथिल', 'हजेरीच्या नियमाला अपवाद' या तिन्हींना इंग्रजीत खुशाल कन्सेशन म्हणतात. मराठीत तिन्ही जागी सवलत लिहिली तर चूक म्हणता येणार नाही, पण वाचणाऱ्याला नेमकं काय मिळालं ते कळणार नाही.

म्हणजे आतापर्यंत दोन कसोट्या झाल्या. पैसा असेल तर विचारा, देणं कमी झालं, संपलं, की पुढे गेलं. बंधन असेल तर विचारा, नियम तिथेच आहे, सरकला, की त्या माणसापुरता उठला. हे दोन गट रोजच्या कामाचे आहेत. पुढचे दोन जास्त रंजक आहेत, आणि तुमच्या कराराचं पहिलं आणि तिसरं कोडं तिथेच सुटतं.

भूमिका सोडणं. वाटाघाटीत, वादात, निवडणुकीत कन्सेशन येतं ते हे. इथे 'सवलत' लिहिताना हात आखडता घ्या. सवलत वरून खाली जाते: देणारा वरचढ, घेणारा गरजू. 'व्यवस्थापनाने कामगारांना सवलती दिल्या' हे सहज वाटतं. पण उलट बघा. 1979 साली क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडायला आली, तेव्हा सरकारी कर्जहमी मिळावी म्हणून तिथल्या कामगार संघटनेने ठरलेल्या पगारवाढीवर आणि भत्त्यांवर पाणी सोडलं. इंग्रजीत याला कामगारांची 'कन्सेशन्स' म्हणतात. मराठीत 'कामगारांनी कंपनीला सवलती दिल्या' लिहिलं तर वाचणारा थबकतो. कामगार कसल्या सवलती देणार? 'कामगारांनी ठरलेली पगारवाढ सोडली', 'कपात मान्य केली' असं लिहा. काय सोडलं ते नाव घेऊन सांगितलं की वेगळी संज्ञा लागतच नाही. माझ्या मते या गटात सगळ्यात चांगलं भाषांतर नामाचं नसतं, क्रियापदाचं असतं.

आणि क्रियापदं आपल्याकडे झकास आहेत. नमतं घेणं, पड खाणं, एक पाऊल मागे येणं, आग्रह सोडणं, माघार घेणं. यांच्यातला फरक मानाचा आहे. नमतं घेणारा शहाणा ठरू शकतो. पड खाणाऱ्याने भांडण टाळायला थोडा कमीपणा पत्करलेला असतो. माघार घेणाऱ्यावर बाहेरून दडपण होतं असं वाटतं. तडजोड मात्र यात मोडत नाही, कारण तिला दोन्ही बाजू लागतात. कन्सेशन एकतर्फी असू शकतं. दोन कन्सेशन्स समोरासमोर आली की तडजोड होते.

इथे एक धोका आहे. एकाच कृतीला बघणारा आपापल्या रागलोभाप्रमाणे नाव देतो. 30 सप्टेंबर 1938 रोजी म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग जर्मनीला देऊ केला. करणाऱ्यांच्या लेखी ती शांततेसाठीची तडजोड होती. पुढच्या पिढीने तिला लांगूलचालन म्हटलं. ज्या देशाचा भाग गेला त्याचे प्रतिनिधी वाटाघाटीच्या टेबलावर नव्हतेच, त्यामुळे चेक माणसाला यातला एकही शब्द पुरेसा वाटणार नाही. मूळ लेखकाने नुसतं 'कन्सेशन' म्हटलं असेल तर भाषांतरकाराने 'लांगूलचालन', 'तुष्टीकरण' किंवा 'शरणागती' आपल्या पदरचं घालू नये. मूळ लेखक जिथे न्यायनिवाडा करत नाही, तिथे आपणही करायचा नाही.

वादातलं कन्सेशन म्हणजे प्रतिपक्षाचा एखादा मुद्दा मान्य करणं, आणि ही कला आपल्याकडे जुनी आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला चौथा अभ्युपगम सिद्धान्त: एखादी गोष्ट न तपासताच तात्पुरती मान्य करायची, पुढच्या विशेष मुद्द्याची छाननी करता यावी म्हणून. पंडितांच्या वादात याचाच जरा खट्याळ भाऊ आहे, 'तुष्यतु दुर्जन' न्याय. दुर्जनाचं समाधान होऊ दे, तो म्हणतो ते घटकाभर खरं धरू, तरीही त्याचं म्हणणं टिकत नाही हे दाखवू. इंग्रजी युक्तिवादात 'मी हे कन्सीड करतो' असं येतं तेव्हा बघा की मुद्दा खरोखर मान्य केलाय की वादापुरता धरलाय. पहिल्याला 'हे मला मान्य आहे', दुसऱ्याला 'वादापुरतं हे खरं मानलं तरी'. न्यायालयीन कागदात हा फरक निसटला तर अशिलाने न दिलेली कबुली त्याच्या तोंडी जाते.

व्याकरणातही कन्सेशन आहे आणि तिथे मराठी फार श्रीमंत आहे. शाळेत आपण 'जरी-तरी' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून शिकतो. पण मान्य करून पुढे जाण्याच्या आणखी कितीतरी वाटा आहेत: 'सांगूनही', 'भले तो श्रीमंत असेल', 'खरं आहे, पण', 'उशिरा का होईना', 'थोडं का असेना'. इंग्रजीत मान्य केलेला भाग पुष्कळदा वाक्याच्या शेपटाला येतो: तो जिंकला, जरी अगदी थोडक्या मतांनी. हे असंच्या असं मराठीत आणलं की वाक्य लंगडतं. मराठीत मान्य करायचं ते आधी करून टाकतात, आणि जोर 'तरी'च्या नंतर पडतो. 'थोडक्या मतांनी का होईना, पण जिंकला.' क्रम उलटा केल्यावर जोर भलतीकडे जात नाही ना, तेवढं मात्र पुन्हा वाचून बघायचं.

निवडणुकीतल्या 'कन्सेशन'साठी 'पराभव मान्य करणं' हेच हवं. 1896 साली अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजयी झालेल्या मॅकिन्ली यांना अभिनंदनाची तार पाठवली, तिथपासून हा रिवाज धरला जातो. पण तो रिवाजच आहे, त्याला कायद्याचं वजन नाही. 2000 साली अल गोर यांनी जॉर्ज बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, आणि फ्लोरिडातलं अंतर घटतंय असं दिसल्यावर काही वेळाने पुन्हा फोन करून ते मागे घेतलं. म्हणून इथे 'पराभवाची कबुली' मला पटत नाही. कबुली दिली की ती अंगाला चिकटते. मान्यता मागे घेता येते.

आता चौथा गट, हक्क सोपवण्याचा. सार्वजनिक मालकीची गोष्ट, म्हणजे खाण, तेल, कालवा, बंदर, रस्ता, घाट, ठरावीक काळ वापरायचा किंवा चालवायचा हक्क सत्ता दुसऱ्याला देते. जग हलवून सोडणारी कन्सेशन्स ही याच जातीची. इजिप्तच्या सैद पाशांनी 1854 साली फर्डिनांड द लेसेप्स यांना सुवेझ कालव्याचं कन्सेशन दिलं. मुदत कालवा खुला झाल्यापासून 99 वर्षं. कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये खुला झाला, म्हणजे ती 1968 मध्ये संपली असती. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी 26 जुलै 1956 रोजीच कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. इराणच्या शहांनी 1901 साली विल्यम नॉक्स डार्सी यांना तेलाचं कन्सेशन दिलं: 60 वर्षं, रशियाला लागून असलेले उत्तरेचे पाच प्रांत वगळून जवळपास अख्खा देश, आणि बदल्यात शहांना रोख 20,000 पौंड, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि वर्षाच्या निव्वळ नफ्याचे 16 टक्के. याला 'सवलत' म्हणायचं? शहांनी डार्सींना तेलावर 'सवलत दिली' असं वाचून कुणालाही वाटेल की तेल जरा स्वस्त दिलं.

या कन्सेशनचं पुढे काय झालं ते तुमच्या कामाचं आहे. ते रद्द होऊन 1933 साली नवा करार झाला, 1951 साली इराणने तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि ब्रिटन आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. 1933 चा कागद हा दोन सरकारांमधला तहही आहे, असं ब्रिटनचं म्हणणं. जुलै 1952 मध्ये न्यायालयाने ते नाकारलं: हा एक सरकार आणि एक परदेशी कंपनी यांच्यातला कन्सेशनचा करार आहे, ब्रिटन त्यात पक्षकार नाही, तेव्हा या न्यायालयाला हा दावा चालवायचा अधिकारच नाही. कागदाचं स्वरूप काय यावर सगळा दावा फिरला.

शांघायची 'फ्रेंच कन्सेशन' याच घराण्यातली, पण तिथे शब्दाचा अर्थ थेट भूभाग असा होतो. 1849 पासून 1943 पर्यंत शहराच्या त्या भागाचा कारभार फ्रेंचांकडे होता. तिथे 'फ्रेंच वसाहत-क्षेत्र' किंवा नुसतं 'फ्रेंच कन्सेशन' लिहावं. 'तो फ्रेंच सवलतीत राहत असे' हे वाक्य मी छापील पाहिलंय.

या हक्कासाठी मराठीत जुने शब्द आहेत, आणि अर्थाने ते तंतोतंत आहेत. मक्ता: ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि वसुली आपण करायची, नफा-तोटा आपला. इजारा तसाच. पण आज मक्तेदारी म्हटलं की स्पर्धा मोडून काढणारा धनदांडगा डोळ्यांपुढे येतो, आणि करारातला पक्ष स्वतःला मक्तेदार म्हणवून घ्यायला तयार होणार नाही. मला याचं वाईट वाटतं, पण शब्द त्याच्या वासासकट घ्यावा लागतो.

परवाना, भाडेपट्टा आणि कंत्राट हे शेजारी आहेत, पण त्यांना याच्या जागी बसवू नका. जे एरवी बेकायदा ठरलं असतं ते परवान्याने कायदेशीर होतं. भाडेपट्ट्याने ताबा मिळतो. कंत्राटात काम झालं की सरकार पैसे देतं, उद्या बोटीत कुणी चढो न चढो. कन्सेशनमध्ये सेवा चालवणारा आपली कमाई मुख्यतः वापरणाऱ्यांकडून करतो, आणि प्रवासी आले नाहीत तर फटका त्यालाच बसतो. युरोपीय संघाच्या 2014 च्या कन्सेशनविषयक निर्देशात हीच खूण धरलीय: सेवा चालवण्याची जोखीम ज्याच्याकडे गेली, त्याचं ते कन्सेशन. तुमच्या कराराचं शीर्षक ठरवण्याआधी महसुलाचं कलम वाचा. प्रवासी कितीही आले तरी प्राधिकरण दरमहा ठरावीक रक्कम देणार असेल, तर वर काहीही लिहिलेलं असो, आत कंत्राट आहे. भाषांतरात शीर्षक बदलायचा अधिकार आपल्याला नाही, पण ज्याने काम दिलं त्याला एक ओळ लिहून कळवायला हरकत नाही.

चार गटांत न बसणारं एक उदाहरण देते, कारण ते तुम्हाला कधीतरी भेटेल. 1947 साली जिनिव्हात 23 देशांनी गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारावर सह्या केल्या, तेव्हा आयात शुल्काबाबत सुमारे 45,000 'कन्सेशन्स' दिली गेली. ही सगळी शुल्ककपात होती असं समजू नका. शुल्क आहे तेवढंच ठेवून 'यापेक्षा वाढवणार नाही' असं बांधून घेणं, हेही तिथे कन्सेशन धरलं जातं. कुणाचा कर एका पैशानेही कमी झालेला नसतो. देशाने सोडलेली असते ती उद्या शुल्क वाढवण्याची मोकळीक. म्हणून तिथे 'शुल्कसवलत' वाचणाऱ्याची दिशाभूल करते. 'शुल्कविषयक बांधिलकी' अर्थाच्या जास्त जवळ जाते. देणाऱ्याने नेमकं काय सोडलं, हा प्रश्न इथेही उपयोगी पडला, फक्त उत्तर अनपेक्षित निघालं.

तर तुमची तीन कलमं. शीर्षकासाठी मी 'परिचालन हक्क करार' घेईन आणि कंपनीला 'हक्कधारक' म्हणेन. सरकारी कागदांत 'सवलत करार' असा शब्द दिसतो हे मला माहीत आहे. तुमचं प्राधिकरण तोच वापरत असेल तर भांडू नका, मात्र व्याख्येच्या कलमात लिहा की इथे सवलत म्हणजे सेवा चालवण्याचा आणि भाडं वसूल करण्याचा हक्क. 'सवलतदार' टाळता आलं तर टाळाच, कारण परिशिष्टात सवलतीचे पास घेणारे प्रवासीही आहेत. मग 'सवलतदाराने सवलतधारकांना सवलत द्यावी' असं वाक्य तयार होतं, आणि ते वाचून बोटीवरचा तिकीट तपासनीसही हसेल.

परिशिष्टात 'सवलतीचे भाडे' अगदी योग्य. तिथे शब्दापेक्षा दुसरंच बघा: पूर्ण भाडं आणि सवलतीचं भाडं यातला फरक कोण सोसणार? प्राधिकरण तो कंपनीला भरून देणार असेल तर त्या रकमेला 'प्रतिपूर्ती' म्हणा. तिलाही मूळ मसुद्यात कुणीतरी सैलपणे 'कन्सेशन अमाउंट' म्हटलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

तिसऱ्या कलमात येणं नाही, नियम नाही. एका पक्षाने आपला हक्क त्या वेळेपुरता बजावला नाही, एवढंच आहे. दुसऱ्याने हप्ता उशिरा भरला आणि याने कुरकुर केली नाही, अशी परिस्थिती. मराठीत याला 'चालवून घेणं' म्हणतात, आणि ते करारात लिहायला लाजू नये. मी असं लिहीन: 'एका पक्षाने एखाद्या वेळी मुदत वाढवून दिली, दुसऱ्या पक्षाची चूक चालवून घेतली किंवा आपला हक्क बजावला नाही, तरी त्याने तो हक्क सोडला आहे असे मानले जाणार नाही.' तुमच्या मूळ कलमात 'लेखी दिल्याशिवाय' अशी अट असेल तर ती 'तरी'च्या नंतर घाला. आधी घातली तर ती मुदतवाढीला चिकटेल आणि तोंडी दिलेल्या मुदतवाढीला हे कलम लागू नाही, असा अर्थ निघेल.